ऑर्किडची पानं लोळली की पाणी वाढवू नका, आधी मुळं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: भेट मिळालेलं पांढऱ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड, घरी येऊन दीड वर्ष झालं, पहिली फुलं दोन महिने मस्त टिकली मग गळाली, त्यानंतर फूल नाहीच, आता पानं मऊ पडून लोळायला लागलीत, सुरकुत्या आल्यात, रोज पाणी देऊनही सुधारत नाही, पानांच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा काहीतरी प्रकार दिसतोय आणि कुंडीच्या बाहेर मुळं लोंबतायत ती कापायची का.

तर पहिली गोष्ट, "रोज पाणी देऊनही" असं लिहिलंय ना, त्याच्या जागी "रोज पाणी दिल्यामुळे" असं वाचा, निम्मं उत्तर तिथेच आहे. मी गेली बरीच वर्षं ऑर्किड वाढवतोय आणि माझी पहिली तीन झाडं मी स्वतः अशीच मारली, अगदी प्रेमाने, रोज सकाळी थोडं थोडं पाणी घालून. पानं लोळली म्हणजे तहान लागली असं आपल्याला बाकीच्या झाडांनी शिकवलेलं असतं. ऑर्किडमध्ये गंमत अशी आहे की पाणी कमी पडलं तरी पानं लोळतात आणि पाणी जास्त होऊन मुळं सडली तरी पानं लोळतात, वरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं, कारण दोन्ही वेळा पानापर्यंत पाणी पोचत नसतं. फरक कळतो तो फक्त मुळं बघून. म्हणून पानांकडे बघून औषध ठरवायचं नाही, आधी कुंडी बाजूला करून खाली काय चाललंय ते बघायचं.

हे असं का होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. फॅलेनॉप्सिस जमिनीत वाढत नाही, जंगलात ते झाडांच्या खोडा-फांद्यांना मुळांनी चिकटून लटकलेलं असतं. त्याच्या मुळावर स्पंजासारखा एक जाड थर असतो, वेलामेन म्हणतात त्याला, तो मेलेल्या पेशींचा असतो आणि पाऊस आला की भराभर पाणी ओढून घेतो, मग वारा लागला की मूळ पुन्हा कोरडं होतं. भिजणं आणि सुकणं, हे चक्र त्या मुळाला हवंच असतं. तेच मूळ आपण बंद कुंडीत सतत ओल्या मॉसमध्ये (म्हणजे वाळवलेल्या शेवाळात) दाबून ठेवलं की त्याला हवा मिळत नाही, आतून गुदमरतं, आणि एकदा का पेशी मरायला लागल्या की बुरशी आणि बॅक्टेरिया येतातच. लोक म्हणतात पाण्याने सडलं, खरं तर ते हवा न मिळाल्याने सडतं, म्हणून तर वँडा या दुसऱ्या ऑर्किडची मुळं रोज बादलीभर पाण्यात बुडवली तरी सडत नाहीत, नंतर ती हवेत मोकळी लोंबतात ना.

आता काम. झाड कुंडीतून बाहेर काढा, निघत नसेल तर कुंडीसकट पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा, मुळं ओली झाली की लवचिक होतात आणि तुटत नाहीत. जुना मीडिया, म्हणजे कुंडीत मातीऐवजी जे काही भरलेलं असतं ते, सगळा काढा. आणि हे जरूर बघा, मध्यभागी मुळांच्या आत मॉसचा किंवा कोकोपीटचा एक घट्ट गोळा असण्याची दाट शक्यता आहे. रोपं लहान असताना छोट्या प्लगमध्ये वाढवलेली असतात, पुढे तो प्लग तसाच ठेवून भोवती बार्क, म्हणजे झाडाच्या सालीचे तुकडे, भरलेली असते. बाहेरची बार्क सुकलेली दिसते आणि आत तो गोळा महिनोन्महिने ओला राहतो, मुळं तिथूनच सडायला सुरुवात होते. चिमट्याने, बोटांनी, नळाखाली धरून, जसं जमेल तसं पण तो काढायचाच.

मग एकेक मूळ बोटांत हलकेच दाबून बघा. टणक लागलं तर जिवंत. सुकं असताना चंदेरी आणि ओलं केल्यावर हिरवं होत असेल तर उत्तमच. पण कुंडीच्या आत उजेड न मिळालेलं मूळ पिवळट किंवा फिकट तपकिरी पण असतं आणि तरीही ठणठणीत असतं, रंग बघून कापू नका, दाबून बघा. सडलेलं मूळ मऊ लागतं, दाबलं की पाणी येतं, आणि बाहेरची साल मोज्यासारखी सरकून हातात येते, आत नुसती दोऱ्यासारखी तार राहते. तहानेने मेलेलं मूळ मात्र सपाट, पोकळ, कागदासारखं असतं. इथेच तुमचं निदान होतं. बहुतेक मुळं मऊ निघाली तर पाणी जास्त झालंय, बहुतेक कागदी निघाली तर कमी, आणि बहुतेक टणक निघाली तर मुळांचा दोष नाही, फक्त पाणी वेळेवर द्या, पानं भरतील. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार आहे असं मला वाटतं.

मेलेलं सगळं कापा, टणक भागापर्यंत. ब्लेड किंवा कात्री आधी ज्योतीवर लालसर होईपर्यंत धरून गार करून घ्या, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना परत तेच करा. कंटाळा येतो, मान्य, पण ऑर्किडमध्ये सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट असे दोन व्हायरस जगभर पसरलेत, ते कात्रीवरच्या रसातून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात आणि त्यांच्यावर औषध नाही, लागण झालेलं झाड शेवटी टाकूनच द्यावं लागतं. (जवळ अल्कोहोलची बाटली उघडी ठेवून ज्योत पेटवू नका हो, सांगायला नको पण सांगतो.) कापून झालं की झाड चार-पाच तास, रात्रभर ठेवलं तरी चालेल, सावलीत उघडं ठेवा, जखमा सुकू देत.

इथे लोक दालचिनीची पावडर चोपडतात. पानावर कापलेल्या जागी चिमूटभर लावली तर ठीक आहे, ती जागा सुकवते, पण मुळांवर लावू नका, कारण ती सुकवते. चांगलं मूळ पण सुकवून टाकते. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तसंच, फेस आला की समाधान वाटतं पण तो फेस जिवंत पेशींवर पण येतो. मी दोन्ही बंद केलंय, स्वच्छ कापणं आणि सुकवणं एवढ्यावर माझं काम भागतं.

आता कुंडी केवढी? मुळांच्या मापाची घ्या, पानांच्या पसाऱ्याच्या मापाची नको. चार मुळं उरली असतील तर कुंडी छोटीशीच, अगदी हास्यास्पद वाटली तरी. मोठ्या कुंडीत मधला भाग सुकतच नाही आणि महिनाभरात परत तीच कथा. पारदर्शक प्लास्टिकची, खाली आणि बाजूला भोकं असलेली कुंडी सगळ्यात बरी, मुळं दिसतात आणि मुळं दिसली की निम्मे प्रश्न पडतच नाहीत. मीडिया म्हणून एक-दीड सेंटिमीटरचे पाईन बार्कचे तुकडे, त्यात थोडा लाकडी कोळसा, किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे (हे आधी दोन-तीनदा पाणी बदलून भिजवून घ्या, त्यात मीठ असतं). माती नाही, कोकोपीटचा भुसा नाही, बागेतलं कंपोस्ट तर अजिबात नाही. झाड हलत असेल तर काठीला बांधा, कारण डगडग करणाऱ्या झाडाची नवी मुळं फुटली की टोकं घासून मरतात, याकडे कुणी लक्षच देत नाही. कापाकापी केली असेल तर तीन-चार दिवस पाणी न देता ठेवा, मग पहिलं पाणी.

आणि मूळ एकही उरलं नाही तर? तरी लगेच फेकू नका. गाभा, म्हणजे जिथून नवीन पान येतं तो मधला भाग, हिरवा आणि टणक असेल तर आशा आहे. मूठभर स्फॅग्नम मॉस भिजवून घट्ट पिळा, इतकं की थेंब पडता कामा नये, ते एका मोठ्या पारदर्शक पिशवीत तळाशी ठेवा, झाड त्यावर बसवा पण बुंधा मॉसच्या वर राहू दे, पिशवीचं तोंड सैल बंद करा आणि उजेडात पण उन्हात नाही अशा जागी ठेवा. दोन-तीन दिवसांनी पिशवी उघडून थोडी हवा द्या. मूळ नसलेलं झाड पानातून पाणी गमावत असतं, आतल्या दमट हवेत ते गमावणं कमी होतं एवढंच याचं तत्त्व. दोन-चार महिने लागतात, कधी जास्त, आणि सगळी वाचतात असंही नाही. या काळात खत शून्य, पिणाऱ्या मुळांशिवाय खत म्हणजे नुसतं मीठ. फुलाचा दांडा असेल तर मन घट्ट करून कापा, झाड त्याच्यावर ताकद घालवतं.

सुरकुतलेली जुनी पानं पूर्ण गुळगुळीत होतील अशी अपेक्षा ठेवू नका. थोडी भरतात, बाकी तशीच राहतात. सुधारणा नवीन पानात बघायची.

पाणी कधी द्यायचं याला "आठवड्यातून एकदा" असं उत्तर सगळीकडे मिळतं, पण ते उत्तर कुंडी, मीडिया, हवा, ऋतू यातलं काहीच विचारत नाही. कोरड्या हवेत बार्कमधलं झाड चार दिवसांत सुकतं, दमट थंड हवेत मॉसमधलं पंधरा दिवस ओलं राहतं. पारदर्शक कुंडीत बघा, मुळं हिरवी दिसतायत म्हणजे ओलावा आहे, थांबा, मुळं चंदेरी झाली आणि कुंडीच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब दिसत नाहीत की द्या. नाहीतर कुंडी उचलून वजन बघायची सवय लावा, महिन्याभरात हाताला बरोबर कळतं. द्यायचं तेव्हा मात्र भरपूर द्या, नळाखाली धरून मिनिटभर, खालून वाहून जाऊ दे, मग निथळू दे, आणि बाहेरच्या शोभेच्या कुंडीत तळाला पाणी साचलेलं नाही ना ते बघा, भोक नसलेल्या त्या सुंदर चिनी मातीच्या कुंडीने जितकी ऑर्किड मारलीत तितकी किडींनी मारली नसतील. रोज अर्धी वाटी हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण वरचा थर कधीच नीट भिजत नाही आणि तळ कधीच नीट सुकत नाही.

बर्फाचे तुकडे ठेवून पाणी देण्याबद्दल पण नेहमी विचारतात. त्यावर ओहायो स्टेट आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या संशोधकांनी खरंच प्रयोग केला होता, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि बार्कमधल्या फॅलेनॉप्सिसच्या मुळांना त्या बर्फाने काही इजा झालेली दिसली नाही. म्हणजे झाड मरत नाही. माझ्या मते लोकांना बर्फ मानवतो तो पाण्याचं माप आपोआप कमी होतं म्हणून, पण त्यात मीडियातले क्षार कधी धुऊन जात नाहीत, त्यामुळे मी तरी नळच वापरतो.

पाणी सकाळी द्या आणि गाभ्यात पाणी साचलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या. जंगलात हे झाड तिरकं लटकतं, पान खाली झुकलेलं, पाणी आपोआप गळून जातं. आपण त्याला कुंडीत सरळ उभं करतो आणि गाभ्याचा पेला होतो. रात्रभर पाणी तिथे राहिलं की गाभा सडतो, सगळ्यात वरचं पान बुंध्याशी काळं पडतं आणि हलकेच ओढलं की हातात येतं. हे झालं की त्या जागेतून पुढे वाढ नाही, कारण फॅलेनॉप्सिसला वाढीचं टोक एकच असतं. सडका भाग काढून कोरडं ठेवलं तर कधीकधी बुंध्यातून बाजूला छोटं रोप येतं, केकी म्हणतात त्याला, हवाईयन भाषेत केकी म्हणजे बाळ. येईलच असं नाही.

मीडियाचं पण आयुष्य असतं हे लक्षात ठेवा. बार्क दीड-दोन वर्षांत कुजून बारीक होते, मॉस तर वर्षभरातच, आणि बारीक झालं की हवेच्या जागा बुजतात. तुमचं झाड दीड वर्ष त्याच कुंडीत आहे, शिवाय दुकानात येण्याआधीचा काळ वेगळाच. त्यामुळे रिपॉटिंग, म्हणजे नव्या मीडियात पुन्हा लावणं, तसंही करायचंच होतं. एरवी ते फुलं संपल्यावर आणि नवीन मुळांची हिरवी टोकं दिसायला लागली की करायचं, पण मुळं सडली असतील तर मुहूर्त बघत बसू नका, फुलं असली तरी काढा.

बाहेर लोंबणारी मुळं कापायची का, तर नाही. ती बिचारी सध्या तुमचं झाड जगवतायत. ती हवाई मुळं आहेत, चुकून बाहेर आलेली नाहीत, त्यांना कुंडीत दाबून पण टाकू नका, हवेत वाढलेलं मूळ एकदम ओल्या मीडियात गेलं की बरेचदा सडतं. रिपॉटिंगच्या वेळी भिजवून मऊ झालेली एक-दोन सहज वळली तर आत घ्या, बाकी राहू देत. मात्र आतल्यापेक्षा बाहेरच मुळं जोरात फुटत असतील तर आतली हवा बिघडलीय असा संशय घ्यायला हरकत नाही.

पांढरा कापूस म्हणजे मिलीबग, पिठ्या ढेकूण. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून एकेक टिपून काढा, पानाची खालची बाजू, बेचके, जुन्या दांड्यावरच्या सुक्या पापुद्र्याखाली, सगळीकडे. उन्हात करू नका. आणि एकदा करून थांबू नका, इथेच सगळे हरतात. अंडी आणि डोळ्यांना न दिसणारी पिल्लं मागे राहतात, त्यामुळे दर सात दिवसांनी असं निदान चार वेळा. आत्ता कुंडीतून काढलंच आहे तर मुळं पण धुऊन बघा, ही कीड मुळांवर पण असते, आणि जुना मीडिया दुसऱ्या कुंडीत अजिबात वापरू नका. जवळ मुंग्या फिरत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, त्या किडीच्या गोड चिकट रसासाठी तिची राखण करतात आणि एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन पण सोडतात. झाड बाकीच्यांपासून दूर ठेवा महिनाभर. नीमतेल चालतं पण फवारून उन्हात ठेवलं तर पानं भाजतात आणि फुलांवर डाग पडतात. खवले कीड म्हणजे तपकिरी टिकल्यांसारखी चिकटलेली, तिला पण हाच उपाय, फक्त नखाने किंवा जुन्या टूथब्रशने आधी खरवडावी लागते.

एक मात्र, दांड्यावर किंवा कळीच्या पाठीमागे पारदर्शक चिकट थेंब दिसले आणि कीड कुठेच नसेल तर घाबरू नका, झाड स्वतःच तो गोड रस सोडतं. कीड नाही याची खात्री मात्र भिंगाने करा. पानाची खालची बाजू चंदेरी खरखरीत दिसायला लागली तर लाल कोळी, हवा कोरडी असली की येतात, ते किडे नाहीत कोळ्यांच्या जातीतले आहेत म्हणून साधं कीटकनाशक बरेचदा त्यांच्यावर चालत नाही, पानं दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसणं हाच पहिला उपाय. कुंडीतून बारीक काळ्या माश्या उडत असतील तर समजा मीडिया कुजलाय.

पानांवरच्या डागांत खरी घाई एकाच प्रकारात करायची, पाण्याने भरल्यासारखा, अर्धपारदर्शक, दाबला की फुटेल असा डाग, कधी घाण वास येतो, आणि काल नखाएवढा होता तो आज अर्धं पान खाऊन बसलाय. हा बॅक्टेरियाचा सडवा, गरम दमट कोंदट हवेत येतो. त्याच दिवशी डागाच्या पुढे दोन सेंटिमीटर चांगल्या भागातून कापा, कोरडं ठेवा, पंख्याची मंद हवा द्या, पानांवर पाणी फवारणं बंद. बुंध्याशी पोचला तर झाड गेलंच. बाकी कोरडे, न वाढणारे डाग म्हणजे जुन्या जखमा, त्यांना काही करायचं नाही. पानाच्या मध्यावर, जिथे ऊन थेट पडतं तिथे पांढरट-तपकिरी कागदी चट्टा म्हणजे ऊन लागलंय. आणि सगळ्यात खालचं एकच पान पिवळं होऊन गळतंय, बाकी सगळं छान, तर ते त्या पानाचं वय झालं, बस.

पानांची टोकं काळी आणि मीडियावर पांढरी पापुद्री दिसत असेल तर क्षार साचलेत. ऑर्किडला खत खरंच कमी लागतं, २०-२०-२० सारखं कुठलंही विद्राव्य खत पाकिटावरच्या मापाच्या पाव भागाने, ओल्या मुळांवर, आठवड्याने, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने खळखळून धुवायचं. पाणी फार जड असेल तर पावसाचं किंवा आरओचं वापरा, पण मग खतात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं बघा, कारण त्या पाण्यात ते नसतं. मीठ वापरून पाणी मऊ करणाऱ्या मशीनचं पाणी नको, त्यात सोडियम येतं.

आता फुलांचा प्रश्न, पण तो मुळं भरल्यावरचा आहे हां, आजारी झाडाला फुलवायच्या मागे लागू नका. धडधाकट झाड फुलत नाही त्याची कारणं क्रमाने उजेड आणि तापमान, खत नाही. पानं गडद हिरवीगार, मस्त, लांबलचक दिसतायत? म्हणजे उजेड कमी. फुलणाऱ्या फॅलेनॉप्सिसचं पान किंचित पिवळसर हिरवं असतं, कडेला लालसर छटा आली तर उजेडाची हद्द झाली. पानाच्या वर एक फूटभर हात धरा, सावली अंधूक कडांची पडली तर बरोबर, ठसठशीत पडली तर जास्त, पडलीच नाही तर कमी. आकडाच हवा तर दहा ते पंधरा हजार लक्स (उजेड मोजायचं एकक). खोलीच्या मधल्या टेबलावर आपल्या डोळ्याला लख्ख वाटतं पण तिथे त्याच्या दहाव्या भागाइतकं पण नसतं बरेचदा, डोळा फसवतो. खिडकीच्या दोन फुटांच्या आत आणा, थेट उन्हाला पातळ पडदा.

तापमानाचं असं आहे की फॅलेनॉप्सिसला दांडा काढायला काही आठवडे सलग थंडावा लागतो, साधारण २५ अंशांच्या आसपास किंवा खाली, आणि २८च्या वर सतत राहिलं तर ते नुसती पानं काढत बसतं. व्यावसायिक ग्रीनहाउसवाले हेच करून वर्षभर हव्या त्या महिन्यात फुलं आणतात, आधी गरम ठेवून वाढवतात मग थंड करून फुलवतात. म्हणून वर्षभर एकसारख्या उबदार खोलीत असलेलं झाड दणकट असून पण फुलत नाही, त्याला महिना-दीड महिना रात्री गार होणाऱ्या खिडकीत ठेवा. दांडा की मूळ हे ओळखायचं तर दांड्याचं टोक चपटं, लोकरीच्या बिनबोटी हातमोज्यासारखं, अंगठा एका बाजूला, आणि मुळाचं टोक गोल चकचकीत. दांडा दिसला की कुंडी फिरवू नका, नाहीतर दांडा उजेडाकडे वळत वळत नागमोडी होतो.

कळ्या येऊन न उमलताच पिवळ्या पडून गळतात ते वेगळं दुखणं, जागा बदलणं, एसीचा किंवा हीटरचा थेट झोत, पाण्याचा मोठा खंड, आणि पिकलेली फळं. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि कळ्यांना तो अजिबात सोसत नाही, म्हणून फळांच्या टोपलीशेजारी ऑर्किड शोभून दिसलं तरी ठेवू नका. फुलं संपल्यावर दांडा हिरवा असेल आणि झाड तगडं असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या गाठीच्या वर कापा, फांदी फुटून परत फुलं येऊ शकतात. झाड दमलेलं असेल तर तळाशी कापा.

हे सगळं फॅलेनॉप्सिसचं. बाकीच्या ऑर्किडना जसंच्या तसं लावू नका. डेंड्रोबियमच्या जुन्या, पानं गळालेल्या कांड्या वाळक्या काटक्या समजून लोक कापतात, त्या त्याच्या पाण्या-अन्नाच्या कोठ्या असतात आणि काही जातीत फुलं त्याच कांड्यांवर येतात. नोबिले प्रकारच्या डेंड्रोबियमला हिवाळ्यात गारवा आणि कोरडेपणा दोन्ही लागतं, तेव्हा पाणी-खत चालू ठेवलं तर फुलांऐवजी केकी येतात. ऑन्सिडियमची नवी पानं घड्या पडून भात्यासारखी उमलली तर पान वाढत असताना पाणी कमी पडलं, त्या घड्या नंतर जात नाहीत. वँडाला बऱ्यापैकी ऊन आणि रोज भिजवणं, ज्याला तेवढा वेळ नाही त्याने वँडाच्या भानगडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत.

तुमच्या झाडाचं म्हणाल तर आज संध्याकाळीच कुंडीतून काढा आणि मुळं दाबून बघा. दोन-तीन टणक निघाली आणि गाभा हिरवा असेल तर मी ते वाचेल असं धरून चालतो. मिलीबगसाठी कॅलेंडरवर पुढच्या चार रविवारांवर खूण करून ठेवा. मग पुढचे दोन महिने काहीच घडत नाहीये असं वाटेल, तेव्हा हात शिवशिवतात, परत उपटून बघू नका. बुंध्याशी एक बारीक उंचवटा येईल, त्यातून चकचकीत हिरवं टोक बाहेर पडेल, ते बोटाच्या पेराएवढं लांब झालं की पाव मापाने खत सुरू करा.